समोर कुणीतरी लागतं

पुढच्या पेशंटला आत बोलवायला त्याने दार उघडलं आणि बाकावरून फुटबॉलचे सर उठले. नावं पुकारणारी बाई त्या दिवशी रजेवर होती. ती असती तर केसपेपर आधी त्याच्या टेबलावर आला असता, नाव वाचून झालं असतं, चेहरा ठाकठीक करायला थोडी उसंत मिळाली असती. तसं काही झालं नाही. सर गुडघ्यावर हात टेकून उठले, एक पाय आधी सरळ केला, मग दुसरा, आणि इकडे याचं पोट आपोआप आत गेलं. टाचा जुळल्या. पस्तिशीकडे झुकलेला, चष्मा लावणारा, पांढरा कोट घातलेला माणूस आपल्याच दवाखान्याच्या दारात सावधान उभा राहिला, आणि आपण हे काय करतोय ते त्याला टाचा जुळल्यावर कळलं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. लोक कोटाकडे पाहतात तसं. कोटाच्या आत कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. "जरा मोठ्याने बोला हं," सर म्हणाले, "मला कमी ऐकू येतं." हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की बाकावरच्या म्हाताऱ्या बाईने दचकून मांडीवरची पिशवी सावरली.

ओळखलं नाही. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, धुक्यात, पाठमोरं पोर नुसत्या चालीवरून ओळखणाऱ्या माणसाने ओळखलं नाही. खरं तर त्यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? मधे इतकी वर्षं गेली, दाढी आली, वजन वाढलं, डोक्यावरचं रान विरळ झालं. त्यांच्या हातून हजारभर पोरं गेली असतील. पण असं स्वतःला समजावताना त्याच्या लक्षात आलं की आपण सरांच्या बाजूने बोलतोय, आणि ते अगदी जुन्या सवयीने बोलतोय. सरांनी अमक्याला संघात का घेतलं नाही, तमक्याला का पळवलं, हे पोरं रात्री गाद्यांवर पडून एकमेकांना पटवून द्यायची, आणि त्यात याचा पहिला नंबर असायचा. "या, बसा," तो म्हणाला. 'सर' हा शब्द त्याने जिभेवरून परत आत ढकलला.

कान तपासायची खोली म्हणजे खोली कसली, कपाटच. दार बर्फाच्या कारखान्याच्या दारासारखं जाड, भिंतींना आतून करडा स्पंज, एक खुर्ची आणि काचेची छोटी खिडकी. पेशंटने आत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण घ्यायचं आणि आवाज आला की दाबायचं. हा बाहेर काचेच्या अलीकडे यंत्रापाशी बसून एकेक सूर आत सोडायचा. आधी जाड, मग बारीक. आधी मोठा, मग लहान होत होत डासाच्या पंखाएवढा. इथे बसलेला माणूस काचेतून पाहताना त्याला नेहमी थोडा उघडा वाटायचा. मोठमोठे लोक इथे शाळकरी होतात. ऐकू आलं नाही म्हणजे आपण नापास झालो असं त्यांना वाटतं, आणि मग ते चोरून बटण दाबतात. सरांनीही दाबलं. याने काही सोडलंच नव्हतं, नुसता यंत्राच्या खटक्यावर बोट ठेवून बसला होता, आणि आत सरांनी डोळे मिटून, भुवया वर करून, अगदी खात्रीने बटण दाबलं. याला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्या डाव्या पायाच्या पोटरीत एक बारीक कळ आली आणि गेली.

डावा पाय. अकॅडमीसाठी पोरं निवडायला सर शाळेच्या मैदानावर आले होते तेव्हा हा बारा वर्षांचा होता. आई मधल्या सुट्टीत डबा द्यायला आलेली, वडील कामावरून परस्पर आलेले, अंगात कंपनीचा निळा गणवेश, खिशाला ग्रीसचा डाग. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. सरांनी याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाले, "याचा डावा पाय मला द्या." आई म्हणाली, "आणि उजवा?" "उजवा तुम्हाला ठेवा," सर म्हणाले, आणि तिघेही हसले. आई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढे कितीतरी वर्षं हे वाक्य घरात चाललं. तो सुट्टीला आला की आई विचारायची, "माझा उजवा कसा आहे?" आणि त्या पायाला आधी तेल लावायची. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शेजारच्या मुलाकडून तिने शब्द शिकून घेतले होते, आणि रविवारी फोनवर ती ते एकेक करून वापरून बघायची, नव्या भांड्यात पहिल्यांदा काही शिजवावं तसं जरा जपून. "आज ऑफसाइड झाला नाहीस ना?" जणू ऑफसाइड म्हणजे पडसं.

अकॅडमीचं होस्टेल चार मजली होतं, आणि त्याला लिफ्ट होती, ती पोरांसाठी नव्हती. पोरांनी जिन्याने पळायचं. पहाटेची शिट्टी, ओले बूट, दव सुकायच्या आत मैदानाला फेऱ्या, मग शंकूंच्या रांगेतून चेंडू, मग पुन्हा तेच. दुपारी शाळा म्हणायची म्हणून शाळा. मास्तर शिकवायचे आणि पोरं उघड्या डोळ्यांनी झोपायची. याच्या खालच्या पलंगावर एक पोरगा होता, त्याला सगळे मखमल म्हणायचे. कितीही उंचावरून चेंडू येवो, त्याच्या पायावर पडला की आवाज व्हायचा नाही. इतरांच्या पायावर धप्पकन पडणारा चेंडू त्याच्याकडे आला की झोपलेल्या मांजरासारखा निपचित. मखमल स्वभावानेही तसाच होता, कुणाला दुखवायचा नाही. सरांचा जीव होता त्याच्यावर हे सगळ्यांना दिसायचं आणि त्याचं कुणाला वाईटही वाटायचं नाही. घरातल्या देखण्या भावंडाचं वाटत नाही, तसं. याचं काम ठरलेलं होतं. डावीकडून वर जायचं आणि मखमलला पास द्यायचा. त्याच्या उजव्या पायाच्या थोडा पुढे. पळता पळता त्याला चेंडू सापडला पाहिजे, चेंडूसाठी थांबावं लागता कामा नये. सर ओरडायचे, "जेवणाचं ताट समोर ठेवतात तसा ठेव!" आणि याने ते ताट ठेवायला शिकण्यात सगळी वर्षं घालवली. एक दिवस आपल्यालाही कुणीतरी ताट वाढील, असं त्याला वाटायचं. वाटायचं म्हणजे खात्रीच होती.

आत सरांनी हेडफोन काढला आणि खुणेने विचारलं, संपलं का? याने दार उघडून त्यांना बाहेर आणलं, टेबलाशी बसवलं आणि आलेख समोर धरला. रेघ सुरुवातीला बरी चालते आणि मग जिन्यावरून घसरावी तशी खाली येते. रोजच्यासारखं त्याने समजावून सांगितलं. जाड आवाज तुम्हाला ऐकू येतात, बारीक येत नाहीत. पाखरं, लहान मुलं, बायकांचं बोलणं अर्धंमुर्धं. शब्दांतले स, फ, थ गळून जातात आणि म्हणून लोक पुटपुटतात असं वाटतं. सरांनी मान डोलावली. "शिट्टी," ते म्हणाले. "तीस वर्षं ओठात शिट्टी. आता मला शिट्टीच ऐकू येत नाही. नातू वाजवतो, मला त्याचे गाल फुगलेले दिसतात नुसते." मग त्यांनी आपण काय करायचो ते सांगितलं, अभिमानाने, आणि याने ते नव्याने ऐकत असल्यासारखं ऐकलं. सर हळूहळू 'तुम्ही'वरून 'तू'वर आले. "तू खेळायचास का रे? उभा राहतोस खेळणाऱ्यासारखा." "थोडंफार, शाळेत," तो म्हणाला. हे खोटं त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की आता खरं सांगायला मागे वळावं लागलं असतं, आणि वळायची त्याला इच्छा नव्हती. पाठमोरं बसून आपल्याविषयी काय बोलतात ते ऐकायचा मोह कुणाला सुटतो?

त्याने विचारलं ते साधंच होतं. किती मुलं पुढे गेली? सरांनी ओठ पुढे काढून विचार केला. क्लबमध्ये म्हणशील तर दोन. एक वर्षभरात परत आला. दुसरा मात्र खेळला, टीव्हीवर दिसायचा, तू पाहिलं असशील. आणि त्यांनी मखमलचं खरं नाव घेतलं. याने पाहिलं होतं. पहिल्या सामन्याच्या वेळी त्याने बायकोला हात धरून टीव्हीसमोर बसवलं होतं आणि सांगितलं होतं, हा माझ्या खालच्या पलंगावर झोपायचा. त्यात कुठेतरी आपलाही हात आहे, निदान पाय आहे, असं त्याला त्या दिवशी वाटलं होतं.

"बाकीची मग कशाला ठेवायची?" त्याने विचारलं. आवाज मोठा करावा लागत होता, त्यामुळे प्रश्न त्याच्या मनात होता त्यापेक्षा भांडखोर बाहेर पडला.

सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "अरे, एकाला खेळवायचं तर समोर कुणीतरी लागतं. बाजूला लागतं, मागे लागतं. एकटा पोरगा खेळणार कुणाशी, भिंतीशी?" ते मोकळेपणाने हसले. "लोक विचारतात, अकॅडमीने किती घडवले. घडवतंय कोण? तो पोरगा गल्लीत खेळला असता तरी पोचला असता. रक्तातच होतं त्याच्या."

दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच दमातली. याने ती टेबलावरच्या आलेखाशेजारी मनातल्या मनात ठेवून पाहिली. त्याच्यासाठी आम्ही लागत होतो, आणि आमच्यावाचूनही त्याचं अडलं नसतं. मग आम्ही कुठे होतो? ओले बूट उशाशी घेऊन झोपलेली ती सगळी पोरं, पाय मुरगळला तरी न सांगणारी, वाढदिवसाला घरी न जाणारी, ती नक्की कशाच्या समोर उभी होती? हा विचार पूर्ण व्हायच्या आतच त्याने पुढचा प्रश्न विचारला, कारण व्यवसायाने त्याला एक सवय लावली होती: पेशंट बोलतोय तोवर बोलू द्यायचं. कुणाला जमणार नाही हे कधी कळायचं?

"दुसऱ्या वर्षी. खरं सांगू का, पहिल्याच. पोरांना नाही सांगायचो. पोरांना सांगितलं की पोर खेळतच नाही मग. आईबापांना सांगायचो. मी काही कुणाला फसवलं नाही. काही घेऊन जायचे, काही म्हणायचे असू दे, राहू दे इथेच. घरापेक्षा शिस्त बरी. एक तर असा होता..." सर मागे टेकले. आठवण चांगली असली की माणूस असाच टेकतो. "लिफ्टवाला होता. म्हणजे लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं पोरगं डावखुरं. कष्टाळू, पण पायात वेग नव्हता. बाप विचारायला आला तेव्हा मी सांगितलं, घेऊन जा, शाळेत घाल, वर्ष वाया घालवू नकोस. तर तो दुसऱ्या दिवशी परत येऊन गयावया करायला लागला. म्हणाला, एवढं वर्ष ठेवा, त्याला काही कळू देऊ नका, घरी त्याची आई आजारी आहे. आमची होस्टेलची लिफ्ट बंद पडलेली होती. दिवसभर बसून त्याने ती चालू करून दिली. एक पैसा घेतला नाही. म्हणाला, एवढं माझं ऐका."

तो दिवस याला पाठ होता. जिन्यातून खाली पळत येताना तळमजल्यावर निळा गणवेश दिसला होता, लिफ्टच्या उघड्या तोंडात कमरेपर्यंत शिरलेला. बाबा! तो ओरडला होता, आणि सगळी पोरं भोवती जमली होती. वडिलांनी तोंड बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या नाकाला ग्रीस लागलं होतं. "इथून जात होतो, म्हटलं बघावं," ते म्हणाले होते. आपल्या वडिलांना एवढी मोठी लिफ्ट चालू करता येते या गर्वाने तो दिवसभर फुगून चालत होता, आणि मखमलही म्हणाला होता, तुझे बाबा भारी आहेत रे.

"ठेवलं मग," सर सांगत होते. "आणि मलाही डावीकडून पास देणारा हवाच होता, दुसरा कुणी नव्हता. पुढे त्याची आई गेली. वाईट झालं. पण मला सोपं झालं. पोराला बोलावून म्हटलं, बाळा, तुझं मन लागत नाही आता खेळात, तुझा दोष नाही. मुकाट्याने गेलं बिचारं. नाहीतर पोरं रडतात, आईबाप भांडतात. काहीतरी कारण लागतं रे माणसाला. तुला खेळता येत नाही म्हणण्यापेक्षा हे बरं. दयाच म्हण की."

पुढचं काम त्याने केलं. हाताला वळण होतं म्हणून झालं. कानात आधी दोऱ्याने बांधलेला कापसाचा बोळा, मग पिचकारीतून तो मऊ गुलाबी लगदा, आधी उजव्या कानात, मग डाव्या, काठोकाठ. तो घट्ट व्हायला थोडा वेळ द्यावा लागतो. त्यावरून कानात बसणारा साचा करतात. तोवर पेशंट ठार बहिरा असतो. सर हातांवर हात ठेवून शांत बसले होते, न्हाव्याच्या खुर्चीत बसावं तसे. कानाच्या पाळीवरचे पांढरे केस, मानेवरची उन्हाने कायमची भाजलेली कातडी. या मानेकडे पाहत पाहत तो फेऱ्या मारायचा. "आई गेली तेव्हा मी तुमच्याकडे होतो," तो म्हणाला. नेहमीच्या आवाजात, टेबलावरची पिचकारी पुसत. सरांना त्याचे ओठ हललेले दिसले. त्यांनी हसून कानाकडे बोट दाखवलं आणि हाताने सांगितलं, आत्ता नाही, नंतर. थोड्या वेळाने त्याने दोन्ही साचे अलगद ओढून काढले, डबीत ठेवले, पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. सरांनी जाताना त्याच्या खांद्यावर थाप मारली. थाप होती तशीच होती.

संध्याकाळी त्याने बायकोला फोन करून सांगितलं की बाबांकडे जाऊन येतो. चालतच निघाला. बस होती, पण बसमध्ये शेजारी कुणीतरी बसलं असतं. दुकानांची शटरं अर्धी वर, अर्धी खाली, एका केशकर्तनालयात कुणीतरी मोठ्याने हसत होतं. आश्चर्य म्हणजे त्याला सरांचा राग येत नव्हता, किंवा येत होता पण तो लांबच्या नातेवाइकासारखा, दारातूनच परत जाणारा. सर परके होते. त्यांनी त्याला खेळायला वापरलं होतं, आणि जे वापरलं ते वापरून झाल्यावर ठेवून दिलं. पण "तुझं मन लागत नाही आता." हे एक वाक्य त्याने आयुष्यभर उराशी धरलं होतं. आपण चांगले होतो, आई गेली म्हणून राहून गेलं. हे त्याने बायकोला सांगितलं होतं, नोकरीच्या ठिकाणी सांगितलं होतं, स्वतःला तर किती वेळा. आणि कुणालाही सांगितलं नव्हतं ते त्याच्या पोटात होतं: की आई आणखी वर्षभर राहिली असती तर. इतकं वाईट की विचार पुरा व्हायच्या आत तो दुसऱ्या कामाला लागायचा, पण विचार तिथे होता, खुंटीवरच्या कोटासारखा, रोज. ज्या बाईला त्याच्या उजव्या पायाची काळजी होती, तिच्यावर त्याने एवढी वर्षं मनातल्या मनात तो आळ ठेवला होता. आणि तिचा काडीचा संबंध नव्हता. ती जायच्या कितीतरी आधीच सगळं ठरून गेलं होतं, एका लिफ्टच्या तोंडाशी.

आणि ते वर्ष. त्या वर्षी फोनवर तिचा आवाज बारीक होत गेला होता. वडील म्हणायचे, घसा बसलाय. दिवाणखान्यातला तिचा पलंग, त्यावर ती, हे त्याने कधी पाहिलंच नाही. तो पोचला तेव्हा पलंग उभा करून भिंतीला लावलेला होता आणि अनोळखी बायका त्याला पाहून रडायला लागल्या होत्या. ट्रायलच्या दुसऱ्या दिवशी. क्लबची माणसं आली होती, हा डावीकडून इतका पळला होता की शेवटी उलटी झाली. संध्याकाळी ऑफिसात बोलावून सरांनी सांगितलं, घरी जा. त्याला आधी वाटलं, निवड झाली म्हणून.

वडील तळमजल्यावर राहायचे. निवृत्त झाल्यावर मुद्दाम तळमजला घेतला होता. जन्मभर लोकांना वर पाठवलं, आता मी वर जाईन तो एकदाच, असं येईल त्याला सांगायचे. दार उघडंच होतं. ते बनियनवर उभे राहून शर्टाला इस्त्री करत होते, कॉलर आधी उलट बाजूने, मग सुलट. या वेळेला कसा काय, जेवणार का, सूनबाई बरी आहे ना, असं त्यांनी एकामागून एक विचारलं. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला की आज सर आले होते दवाखान्यात.

"कुठले सर?"

"ज्यांची लिफ्ट तुम्ही दुरुस्त केलीत ते."

वडिलांचा हात थांबला. पण त्यांनी इस्त्री शर्टावर राहू दिली नाही, उचलून उभी ठेवली, मग वाकून भिंतीतलं बटण बंद केलं. लिफ्टच्या कामात विजेशी खेळ नसतो हे ते नेहमी म्हणत. उठले तेव्हा त्यांनी नाकारलं नाही, कुणी सांगितलं असं विचारलं नाही. पलंगाच्या कडेवर बसले आणि सांगायला लागले, आणि जे सांगितलं ते असं होतं, की डॉक्टरांनी आईचं सांगून टाकलं होतं. आशा नव्हती. ती दुसरं काही विचारायची नाही, एकच विचारायची, पोरगं कुठवर आलं? म्हणून ते सरांकडे गेले होते. घरी जाऊन तिला सांगण्यासारखं काहीतरी आणायला गेले होते. आणि सर म्हणाले, घेऊन जा. परतीच्या बसमध्ये ते काय सांगायचं याचा विचार करत होते, आणि दारातच तिने विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं, क्लबची माणसं बघायला येणार आहेत त्याला.

"ती उठून बसली रे. कितीतरी दिवसांनी उठून बसली. म्हणाली, आता त्याला बोलवू नका. माझं काही कळवू नका. मधे खंड पडायला नको." वडिलांनी तळव्याने तोंड पुसलं. "आता ते परत कसं घ्यायचं? तुला घरी आणला असता तर तिला कळलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो सरांकडे."

म्हणजे इथेही. त्याला हे इतकं स्वच्छ दिसलं की क्षणभर त्याला थंडगार बरं वाटलं. तिकडे त्याला मखमलसाठी पळवत होते, इकडे आईसाठी पळवत होते. दोन्हीकडे माणसं प्रेमळ होती, दोन्हीकडे कुणी त्याला विचारलं नव्हतं. समोर कुणीतरी लागतं. आई सुखाने जायला एक होऊ घातलेला खेळाडू लागत होता, आणि तो लांब असला तरच टिकत होता. त्याच्या मोबदल्यात काय गेलं याचा हिशेब वडिलांनी तेव्हा केला नसेल असं नाही. केला असेल. मुलाचं पारडं हलकं भरलं असेल, इतकंच.

"मी तिला बघितलं नाही," तो म्हणाला.

"तिला बरं वाटत होतं ना पण."

"मी बघितलं नाही, बाबा. मला वाटत राहिलं, तिच्यामुळे माझं राहून गेलं."

वडिलांना हे माहीत नव्हतं. म्हातारपणी माणसाचा चेहरा कोसळतो तो एकदम कोसळत नाही, आधी डोळ्यांखालचं, मग गालांचं, असं मजल्या-मजल्याने. त्यांनी हात पुढे केला. याने तो घेतला नाही. ढकललाही नाही. तो हात दोघांच्या मधे थोडा वेळ राहिला आणि वडिलांनी मग तो स्वतःच परत नेऊन गुडघ्यावर ठेवला. राग आला का, असं त्यांनी विचारलं, आणि तो हो म्हणाला. वडिलांशी तो असं कधीच बोलला नव्हता, आणि बोलल्यावर त्यात काही जड नव्हतं. राग आला होता. तो जाणार नव्हता, उद्याही नाही, कदाचित वडील गेल्यावरही नाही. पण उठून निघून जायचं, दार आपटायचं, असं काही त्याच्या अंगात आलं नाही. त्याला दुसरंच काही हवं होतं, आणि ते देऊ शकणारा जगात हा एकच माणूस उरला होता.

"मला ते वर्ष सांगा," तो म्हणाला. "पहिल्यापासून. ती काय खायची, कुठल्या कुशीवर झोपायची, काय बोलायची. सगळं."

वडील सांगायला लागले. पलंग खिडकीशी लावला होता. उजेड हवा म्हणायची. केस कापून टाकले तेव्हा आरशात बघून म्हणाली, आता मीच पोरासारखी दिसते. शेवटी शेवटी पेज तेवढी जायची. वडिलांना सांगता येत नव्हतं, ते एका गोष्टीवरून दुसरीवर जायचे, मधेच थांबायचे. तो थांबू द्यायचा. "त्रास फारसा झाला नाही तिला," ते म्हणाले, आणि त्याने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. वडिलांनी मान खाली घातली. "झाला," ते म्हणाले. "फार झाला. ओरडायची. शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. वडील त्या आवाजाकडे कान देऊन बसल्यासारखे बसले होते. मग त्याच्याकडे न बघता म्हणाले, "एकदा म्हणाली होती. बोलवा त्याला."

त्याने मान वर केली.

"मी म्हटलं, ट्रायल आहे त्याची परवा."

गाडी सुरू झाली आणि निघून गेली. तो खुर्चीत होता तसाच राहिला. वडिलांच्या हाताकडे त्याने पाहिलं नाही, दाराकडेही पाहिलं नाही.

"मग?" तो म्हणाला. "मग ती काय म्हणाली?"